जड पोती

मशीन थांबलं की शेतातल्या सगळ्यांच्या माना वळायच्या. खेचरांना काय, ती उभ्या उभ्या शेपट्या हलवायची. माणसं मात्र कुणापायी थांबलं ते आधी बघायची. पट्टा तुटला तर दोष कुणाचाच नाही. पात्यात दगड गेला तर दोष शेताचा. पण पोती शिवणाऱ्याचा हात मागे पडला, भरलेली पोती तुंबली आणि गहू ओट्यावर सांडला म्हणून मशीन थांबवावं लागलं, तर त्या शिवणाऱ्याने संध्याकाळी आपलं गाठोडं बांधायचं आणि रस्त्याला लागायचं, असा सॅन होआकिनच्या सगळ्या खोऱ्यात रिवाज होता. मालकाने हाकलायचं नाही, कुणी काही बोलायचं नाही. ज्याचं त्यानेच समजून जायचं.

व्हर्जिल टॅकेटवर ती वेळ कधी आली नव्हती. अर्कान्सासचा माणूस, साठीकडे झुकलेला, वाळक्या मिरचीसारखा बारीक आणि तेवढाच तिखट. कापणी आणि मळणी एकदमच करणारं ते धूड खेचरांचा तांडा ओढत न्यायचा, आणि त्याच्या कुशीला फळ्यांचा एक ओटा होता, त्यावर व्हर्जिल दाभण घेऊन बसायचा. भरल्या पोत्याचं तोंड टाचायचं, दोन टोकांना हमालाला धरायला दोन कान काढायचे, पोतं घसरफळीवर लोटायचं की पुढचं. त्याचे कान इतके ताठ आणि सारखे यायचे की मागून गाडी घेऊन येणारे हमाल नुसतं पोतं बघून म्हणायचे, टॅकेट आलाय यंदा.

पोतं भरून देणारा डेल्मर प्रुइट. हा तिशी ओलांडलेला, ओक्लाहोमाचा, अंगाने आडदांड आणि बोलायला मुखदुर्बळ. मशीनच्या नळीखाली रिकामं पोतं अडकवायचं, धान्य पडत असताना गुडघ्याने हिसके देऊन दाणा खाली बसवायचा, भरलं की उचलून व्हर्जिलच्या पुढ्यात ठेवायचं, आणि तोवर दुसरं पोतं अडकवून झालेलं पाहिजे. गुडघ्याला गुडघा लावून दोघं दिवसभर त्या ओट्यावर. भुसकटाने डोळे लाल, कुसळं सदऱ्यात, आणि मशीनचा आवाज असा की बोलायचं तर कानात ओरडावं लागे. ते बोलायचे नाहीतच. बोलायची गरज नव्हती.

दोघांचा संसार म्हणजे एक तवा, एक कॉफीचं भांडं आणि दोन घोंगड्या. जमला कसा, तर दक्षिणेकडच्या इम्पीरियल खोऱ्यात खरबुजांच्या तोडणीत डेल्मर तापाने पडला. टोळी पुढे निघून गेली. माणसं वाईट नव्हती, पण पुढची तोडणी वाट बघत नाही. व्हर्जिल त्याला धड ओळखतही नव्हता. तरी तो थांबला, कालव्याच्या पाण्याच्या घड्या त्याच्या कपाळावर ठेवत बसला, आणि त्या वर्षीचा गव्हाचा हंगाम त्याने हातचा घालवला. डेल्मर उठून बसला तेव्हा पहिलं बोलला ते, "तू का थांबलास?" व्हर्जिल म्हणाला, "तुझ्या घोंगडीवर डोळा होता. मरत नाहीस म्हणल्यावर पंचाईत झाली." त्यानंतर ते वेगळे झाले नाहीत.

यंदा रस्ते माणसांनी भरून वाहत होते. धुळीने शेतं खाल्लेली कुटुंबं मोटारीच्या टपावर गाद्या बांधून येत होती, आणि शेतमालक एल्सवर्थच्या फाटकाशी रोज सकाळी माणसं उकिडवी बसलेली असत. ओट्यावरची जागा रिकामी झाली असती तर ती भरायला फाटकापर्यंत हाक मारायचीसुद्धा गरज नव्हती. पण मालक एल्सवर्थने या दोघांना काही विचारलं नाही. "टॅकेट आणि प्रुइट," एवढंच म्हणाला, आणि अंगठ्याने मशीनकडे दाखवलं. फाटकाशी बसलेल्यांच्या देखत व्हर्जिल आत गेला तो छाती काढून. त्याचा डेल्मरला फार अभिमान वाटला.

व्हर्जिलचा हात बिघडलाय हे डेल्मरला कळलं ते कॉफीवरून.

पहाटे स्वयंपाकाच्या गाडीशी सगळे पोळलेल्या जिभेने घाईघाईत पीत असताना व्हर्जिल पेला नुसता दोन्ही तळव्यांत धरून बसायचा. कॉफी गार होईपर्यंत. मग एका घोटात संपवायचा. त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं राहायला लागलं. मग त्याखालचं. रात्री तो बूट न काढता झोपू लागला, म्हणाला, विंचू फार झालेत. डेल्मरने एकदा बुटाची नाडी बांधायला हात पुढे केला तर त्याने पाय असा मागे घेतला की डेल्मरलाच शरम वाटली.

उजव्या हाताचे सांधे धरले होते. अंगठा वळत नव्हता. दाभण धरता येत होती, टाका घालता येत होता, पण प्रत्येक टाक्याला सुतळी हिसडून ताणायची असते, तो हिसडा अंगठ्यातून येतो. व्हर्जिल आता सुतळी तळव्याला गुंडाळून सगळ्या खांद्याने ओढायचा. शिवण घट्टच यायची. कानही उभेच राहायचे. पण वेळ लागायचा, आणि डेल्मरने पुढचं पोतं आणून ठेवलं तरी हा अजून मागच्याचा दुसरा कान काढत असायचा.

ओट्यावर दोन पोती तुंबली की डेल्मर नळीकडे बघायचा. तिसरं तुंबलं तर ते ठेवायला जागा नाही, आणि गहू सांडणार.

मग त्याला युक्ती सुचली. पोतं भरताना तो जास्त हिसके देऊ लागला. गुडघ्याने, पोटरीने, दोन्ही मुठींनी. दाणा खाली खाली बसत गेला की त्याच पोत्यात आणखी गहू मावतो, आणि पोतं भरायला वेळ लागतो. पोती कमी, व्हर्जिलला श्वास जास्त. इतकं सोपं! डेल्मरला स्वतःचंच कौतुक वाटलं. गुडघा सुजला, मांडी काळीनिळी झाली, पण संध्याकाळी ओटा मोकळा असायचा आणि व्हर्जिल खाली उतरून खेचरवाल्या होबार्टला म्हणायचा, "तुझी खेचरं आळशी झाली रे. मला बसून कंटाळा येतो." उंच शिडीवजा बैठकीवरून होबार्ट खेचरांना मारायला ठेवलेला खडा त्याच्याच दिशेने भिरकावायचा. सगळे हसायचे. डेल्मरही हसायचा, आणि त्या हसण्यात एक गोड चोरटेपणा असायचा.

पाठ मोडत होती ती मागे.

पोती उचलणारे हमाल दोघे भाऊ होते, बेंतो आणि जासिंतो सिल्वेरा. मूळचे समुद्रातल्या बेटांवरचे पोर्तुगीज. मशीन पुढे जाई तसे हे मागून गाडी घेऊन यायचे, पडलेली पोती कानाला धरून वर फेकायचे. बेंतो थोरला, गोटीबंद, तोंडाचा फटकळ. जासिंतो सडसडीत, लग्न ठरलेला, सारखा शीळ घालणारा.

"टॅकेट," पहिल्यांदा बेंतो हसतच म्हणाला, "गव्हात शिसं पेरलंय का यंदा?"

"तुझं वय झालं," व्हर्जिल म्हणाला.

दुसऱ्यांदा तो हसला नाही. "खरंच सांगतो, पोती जड येतायत."

"गहू भरलाय चांगला. देवाचे आभार मान."

डेल्मर ताटात बघून घास गिळत राहिला. बेंतोला दुखतंय, हे त्याला कळत होतं. पण बेंतो तगडा आहे, असं तो स्वतःला सांगायचा. व्हर्जिलचा अंगठा आणि बेंतोची पाठ, यांत त्याला निवड अवघड नव्हती. वाईट वाटायचं, तेवढंच.

मग एका दुपारी जासिंतोची शीळ थांबली. पोतं अर्ध्यावर उचललं आणि तो तसाच, पोत्याला मिठी मारल्यासारखा, खाली बसला. त्याला उठता येईना. बेंतोने त्याला पाठुंगळीला घेऊन गाडीच्या सावलीत टाकलं आणि संध्याकाळपर्यंत एकट्याने पोती उचलली.

संध्याकाळी, अजून चांगलं लख्ख ऊन होतं, सगळे स्वयंपाकाच्या गाडीशी लांब बाकांवर बसले होते. वालाची उसळ, खारवलेलं डुकराचं मांस, पाव. बेंतो खांद्यावर एक पोतं घेऊन आला आणि ते त्याने व्हर्जिलच्या पायाशी धाडकन टाकलं. बाकावरच्या ताटल्या खणखणल्या.

"उचल," बेंतो म्हणाला.

"जेवतोय मी."

"आधी उचल, मग जेव. कान तुझे आहेत ना? तुझ्या पोत्याचे कान मी झोपेत ओळखतो. उचल की."

व्हर्जिल उठला. वाकून त्याने डाव्या हाताने एक कान धरला, उजव्या हाताचा पंजा दुसऱ्या कानाखाली घातला आणि पोतं जेमतेम वीतभर वर केलं. तेवढंच. मग हळू खाली ठेवलं.

त्याच्या मागे बसलेल्या डेल्मरला त्याचं तोंड दिसत नव्हतं. मान दिसत होती. ती मान लाल होत गेली ती उन्हाने नव्हे.

आयुष्यभर पोत्यांना हात लावलेला माणूस. त्याला तराजू लागत नव्हता. एका उचलण्यात त्याला सगळं कळलं, की एवढा दाणा आपोआप बसत नाही. कुणीतरी तो बसवलाय, दर पोत्याला, मुद्दाम. आणि का, तेही कळलं. कारण ओटा रोज मोकळा राहतोय यावर तो स्वतः इतके दिवस फुशारक्या मारत होता.

"जासिंतो कसा आहे?" त्याने विचारलं.

"पालथा पडलाय. कूस बदलता येत नाही."

"उद्यापासून पोती नीट येतील," व्हर्जिल म्हणाला. "चूक ओट्यावरची आहे."

"ओट्यावरची म्हणजे कुणाची? भरतो कोण, शिवतो कोण?"

"ओटा माझा आहे. माझी चूक." आणि तो ताटली तशीच टाकून चालू लागला.

डेल्मर मागोमाग धावला. कालव्याच्या कडेला व्हर्जिल पाण्यात हात सोडून बसला होता. डेल्मर बाजूला उभा राहिला, बसायची त्याची छाती झाली नाही.

"व्हर्ज."

"बोलू नकोस."

"मी काय केलं, तुझ्यासाठीच ना—"

"माझ्यासाठी!" व्हर्जिल असा वळला की डेल्मर एक पाऊल मागे सरला. "तू मला सांगितलंस? विचारलंस? मी त्या होबार्टला काय काय बोलत होतो! माझा हात अजून पोरांना लाजवतो म्हणालो! आणि हा शेजारी बसून गालात हसतोय. मला बुजगावणं करून बसवलंस, लेका. सदरा माझा आणि आत पेंढा."

"तुला रस्त्यावर टाकलं असतं."

"मग टाकलं असतं! मी रस्ता बघितला नाही का? त्या पोराचं लग्न ठरलंय. त्याच्या पाठीवर बसून मी जेवत होतो आणि मला पत्ता नाही."

डेल्मरला आयुष्यात एकच गोष्ट नीट करायची होती, आणि तीच त्याने अशी करून ठेवली होती. तो म्हणाला, "आपण दोघं जाऊ. आत्ताच. फळांच्या तोडणीला लागू. शिड्या चढायला अंगठा लागत नाही."

"चोरासारखे?" व्हर्जिलने ओले हात विजारीला पुसले. उजवा पंजा त्याने डोळ्यांपुढे धरला, एखादं जुनं अवजार बघावं तसा निरखला. "नाही. उद्या तू पोतं भरशील ते नियमाने. भरलं की दे. एक हिसका जास्तीचा दिलास तर मी दाभण तुझ्याच मांडीत घालीन. बाकीचं मी बघतो."

"आणि तुंबलं तर?"

"बाकीचं मी बघतो म्हणालो ना."

दुसऱ्या दिवशी वारा मागून होता, म्हणजे सगळं भुसकट ओट्यावर. डेल्मरने पहिलं पोतं भरलं, नियमाचे हिसके दिले आणि हात आवरला. गुडघा सवयीने पुढे जात होता, तो त्याने दाबून धरला. पोतं व्हर्जिलपुढे ठेवलं. दुसरं. तिसरं.

व्हर्जिल शिवत होता तसं डेल्मरने त्याला कधी पाहिलं नव्हतं. सुतळी दातात, खांदा पुढे-मागे, तळवा कापला गेलेला आणि सुतळी लाल झालेली. टोपी पडली ती त्याने उचलली नाही. कान काढला, गाठ मारली, पोतं गुडघ्याने लोटलं, पुढचं ओढलं. मागे गाडीवर बेंतो आणि फाटकावरून घेतलेला एक बदली माणूस होता. बेंतोने पहिलं पोतं उचललं आणि वर ओट्याकडे बघितलं. पोतं हलकं होतं.

ऊन डोक्यावर आलं तोवर व्हर्जिलने ओटा तुंबू दिला नाही. मग शेताच्या सखल भागात गहू दाट होता तिथे मशीन शिरलं. नळीतून धान्य धो धो पडायला लागलं. एक पोतं मागे पडलं. मग दोन. डेल्मरने तिसरं आणलं आणि ते ठेवायला जागा नव्हती.

"जास्त भरतो!" तो व्हर्जिलच्या कानात ओरडला. "एवढा दाट पट्टा पार होईपर्यंत! एवढाच!"

व्हर्जिलने मान हलवली. नाही.

नळीखालचं पोतं काठोकाठ येत होतं. डेल्मरने तिसरं पोतं छातीशी कवटाळलं होतं, त्याचा एकही हात मोकळा नव्हता. आता दोन मुठी धान्य पडलं की सांडणार. फाटकाशी उकिडवी बसलेली माणसं त्याच्या डोळ्यांपुढे आली.

व्हर्जिलने दाभण पोत्यात खोचून ठेवली, उठून उभा राहिला आणि डोक्यावरची, मशीन थांबवायच्या घंटेची दोरी ओढली.

शिवणाऱ्याने ती दोरी आपल्या हाताने कधी ओढायची नसते. गहू सांडतो, मशीनवाला बघतो, तो ओढतो. निदान तेवढी लाज झाकायला मिळते. घंटा वाजली. होबार्टने लगाम खेचले, खेचरं एकेक करत थांबली, मशीन घरघरत घरघरत गप्प झालं. आणि सगळ्या माना वळल्या.

"काय मोडलं?" होबार्ट वरून ओरडला.

"काही मोडलं नाही," व्हर्जिल म्हणाला. ओट्याच्या कडेला तो उभा होता, टोपी नाही, केसांत भुसकट, उघड्या बटणांतून हाडं दिसत होती. "माझा अंगठा गेलाय. आज नाही, हंगामाच्या आधीच गेलाय. मी लपवला. त्यापायी पोती जड गेली आणि जासिंतो पडला. बेंतो, ऐकलंस ना? आता मी भरणार आणि डेल्मर शिवणार."

दाभण खाली ठेवून पोतं भरायला बसलेला शिवणारा त्या खोऱ्यात कुणी पाहिला नव्हता. म्हातारे शिवणारे दारू पीत, भांडून निघून जात, शहरात जाऊन झाडलोट करत. पण आपल्या हाताखालच्याच्या हाताखाली बसत नसत.

"मला नको ते," डेल्मर पुटपुटला.

"तुला विचारलं नाही," व्हर्जिल म्हणाला. "तू मला विचारलंस?"

तोवर मालक एल्सवर्थची मोटार बांधावरून धूळ उडवत आली. मशीन थांबलेलं त्याला मैलभरावरून कळायचं. उतरून त्याने होबार्टकडून सगळं ऐकलं. तो मुळात दुष्ट नव्हता, घाईत होता एवढंच. आणि घाईतल्या माणसाला रिवाज फार सोयीचा पडतो.

"टॅकेट," तो म्हणाला, "इतकी वर्षं तू माझ्याकडे आलास, मी कधी बोललो नाही. पण तूच घंटा वाजवलीस. तुला रिवाज माहीत आहे. प्रुइट शिवू शकत असेल तर शिवू दे. भरायला मी फाटकावरून माणूस आणतो."

"मग मीही चाललो," डेल्मर म्हणाला. एवढ्या माणसांत त्याने मालकाला पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं होतं.

"गप बस," व्हर्जिल म्हणाला. "मालक, रिवाज मला पाठ आहे. तुमच्या आधीपासून. गहू सांडला तर शिवणाऱ्याने जायचं. वर चढा आणि बघा."

एल्सवर्थ खरंच शिडी चढून वर आला. ओट्यावर भुसकट होतं, सुतळीचे तुकडे होते, रक्ताचे थेंब होते. नळीखालचं पोतं काठोकाठ भरून डुचमळत होतं. त्याने बुटाने भुसकट बाजूला सारलं. फळी साफ होती, तिच्यावर दाणा नव्हता.

"सांडायच्या आधी थांबवलं मी," व्हर्जिल म्हणाला.

"ही वकिली झाली," एल्सवर्थ म्हणाला, पण त्याचा आवाज तेवढा पक्का राहिला नव्हता. "आणि प्रुइट शिवतो कसा हे कुणाला माहीत आहे?"

"ते आम्ही बघतो," खालून बेंतो म्हणाला. "शिव रे एक."

डेल्मर बसला. व्हर्जिलच्या जागी बसताना त्याला वाटलं आपण कुणाच्या तरी खुर्चीत, तो घरात असताना बसतोय. काठोकाठ भरलेलं पोतं व्हर्जिलने पुढ्यात आणून ठेवलं. आणताना त्याचा श्वास फुलला, ते सगळ्यांनी पाहिलं, आणि त्याने पाहू दिलं. डेल्मरने टाके घातले. वर्षानुवर्षं वीतभर अंतरावरून बघितलेलं काम, हातांना ते आधीच ठाऊक होतं. फक्त दुसरा कान काढताना बोटं घाबरली.

बेंतो पोतं घेऊन गाडीच्या माथ्यावर चढला. नव्या शिवणाऱ्याचं पहिलं पोतं, शिवण उसवते का बघायला, हमालांनी वरून खाली टाकायचं असतं. त्याने ते डोक्याच्याही वर उचललं. या माणसाच्या भावाला डेल्मरने जायबंदी केलं होतं. आपटायला त्याला कारण होतं, आणि त्याने जिवाच्या कराराने आपटलं. धूळ उडाली. बेंतो खाली उतरला, पोत्याभोवती फिरला, शिवणीतून बोट घालायचा प्रयत्न केला. दुसऱ्या कानाच्या मुळाशी चार दाणे बाहेर आले होते. ते त्याने वेचले, तोंडात टाकले आणि चावत राहिला. सगळी टोळी त्याच्या जबड्याकडे बघत होती.

"शिवण पक्की आहे," तो शेवटी म्हणाला. "एक कान गाढवाचा आलाय. पण धरता येतो."

होबार्ट फसकन हसला.

"आणि भरणाऱ्याचं काय?" एल्सवर्थने विचारलं.

बेंतोने पोतं उचललं, खांद्यावर घेतलं आणि ते तिथेच तोलत उभा राहिला.

"टॅकेटने शब्द दिला तसं वजन बरोबर आहे," तो म्हणाला. "मालक, फाटकावरून कुणीही आणा. तो तुमचं मशीन चालू ठेवायला बघेल, माझी पाठ नाही. माझ्या पाठीसाठी हे धूड थांबवणारा माणूस मी आजच बघितला. त्याने भरलेलं पोतं मी उचलीन. दुसऱ्याचं तुम्ही उचला."

एल्सवर्थने खिशातून रुमाल काढून मान पुसली. शेताकडे बघितलं, उभ्या खेचरांकडे बघितलं. वाया जाणारं ऊन त्याला दिसत होतं.

"भरणाऱ्याची मजुरी मिळेल," तो व्हर्जिलला म्हणाला. "शिवणाऱ्याची नाही."

"भरणारा आहे तर भरणाऱ्याचीच घेईन. जास्त दिलीत तर परत करीन."

एल्सवर्थ शिडी उतरला.

व्हर्जिलने टोपी उचलून गुडघ्यावर आपटली, डोक्यावर घातली आणि नळीखाली रिकामं पोतं अडकवायला वाकला. अंगठा वळत नव्हता म्हणून त्याने ते दोन्ही मनगटांत धरून अडकवलं. वेडंवाकडं, पण अडकलं. डेल्मरचे डोळे भुसकटाशिवायच चुरचुरत होते. या माणसाला आपण झाकून ठेवायला निघालो होतो, हे आठवून त्याला लाजही वाटली आणि त्याच्या शेजारी बसायला मिळतंय म्हणून ऊर भरून आला. सगळ्या खोऱ्यात असा सोबती दुसऱ्या कुणाला नव्हता.

हंगामाच्या पहिल्या दिवशी आणि ओट्यावर नवा माणूस आला की, खेचरं हाकायच्या आधी होबार्ट वरून एक ठरलेला प्रश्न विचारायचा. त्याने आताही विचारलं, बैठकीत मागे वळून, तोंडाभोवती हात धरून:

"ओट्यावर कोण आहे रे?"

याचं उत्तर शिवणाऱ्याने द्यायचं असतं. डेल्मरने सवयीने व्हर्जिलकडे बघितलं. मग व्हर्जिल उठून उभा राहिला आणि ओरडला तो बांधापलीकडच्या फाटकापर्यंत ऐकू गेला.

"शिवणारा डेल्मर प्रुइट! भरणारा व्हर्जिल टॅकेट! हाक!"

खडा सणसणत गेला, पुढच्या खेचरांनी माना पुढे घातल्या, साखळ्या ताणल्या आणि मशीन हललं. धान्य पडू लागलं. व्हर्जिलने गुडघ्याने पोत्याला हिसका दिला, नियमाचा, त्याहून एकही जास्त नाही, आणि डेल्मरच्या कानाशी तोंड नेलं.

"माझ्याकडे काय बघतोस? कान नीट काढ."